कमी उजेडातलं लग्न आणि पोर्ट्रेट लेन्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तुळशीचं लग्न लागलं की माणसांची लग्नं सुरू होतात आणि माझ्या फोनवर लेन्सचे प्रश्नही. सोळा वर्षं लग्नाच्या फोटोंच्या ऑर्डरी करतोय. बहुतेक सातारा-सांगली पट्ट्यात, अधूनमधून पुणे-ठाणे, कोकण, गोवा. विचारणारे नवे असतात, प्रश्न तेच. म्हणून एकदाच लिहून ठेवतो. किमती मुद्दाम लिहिलेल्या नाहीत, त्या दर दिवाळीला हलतात.

१. दादा, किट लेन्स आहे की. वेगळी "फास्ट" लेन्स कशाला?

फास्ट म्हणजे पळणारी नव्हे, अ‍ॅपर्चर मोठं उघडणारी. अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्सचं उजेड आत घेणारं भोक. एफ/ पुढचा आकडा लहान, भोक मोठं. किट झूम, म्हणजे कॅमेऱ्यासोबत येणारी लेन्स, पूर्ण पुढे ताणली की साधारण एफ/५.६ वर येऊन बसते. एफ/१.८ ची लेन्स तिच्या जवळपास दहापट उजेड आत घेते. ज्या हॉलमध्ये एफ/१.८, शटर १/१६० सेकंद आणि आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) १६०० वर काम भागतं, तिथे किटवर आयएसओ १६,०००च्या आसपास जावं लागतं. आयएसओ वाढवायचा नसेल तर शटर १/१५ पर्यंत खाली आणावं लागतं, आणि १/१५ ला नवरी नुसती हसली तरी फोटो हलतो.

२. पण फ्लॅश मारला की झालं ना?

ग्रुप फोटोला आणि आहेराच्या रांगेला मीही फ्लॅशच मारतो. दोनशे माणसं एकामागून एक स्टेजवर चढतात तेव्हा कलाकारी करायची नसते. पण फ्लॅश छताला मारून उजेड खाली आणायचा तर छत पांढरं आणि हाताशी हवं. मांडवाचं कापड लाल-पिवळं असेल तर चेहराही लाल-पिवळा होतो. मंगल कार्यालयाचं पत्र्याचं छत पंचवीस फुटांवर असेल तर उजेड वर जातो आणि परत येत नाही. शिवाय होमाच्या उजेडात नवरीच्या गालावर जो तांबूसपणा येतो, तो फ्लॅश एका फटक्यात पुसून टाकतो. त्या तांबूसपणासाठी ही लेन्स.

३. ५० घेऊ, ८५ घेऊ की १३५?

लेन्सच्या दुकानात जाण्याआधी हॉलमध्ये जा आणि पावलं मोजा. हे आकडे फोकल लेंथचे, एमएममधले; आकडा मोठा तितकं मागे जावं लागतं. म्हणून हा प्रश्न ब्लरचा, म्हणजे मागचं धूसर करण्याचा कमी आणि जागेचा जास्त आहे.

फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) कॅमेरा उभा धरून जोडप्याचा डोक्यापासून पायापर्यंत फोटो, वर-खाली थोडी जागा ठेवून घ्यायचा, तर ५० एमएमला साधारण तीन मीटर लागतात, ८५ ला पाच आणि १३५ ला साडेसात. आता आपला नेहमीचा हॉल डोळ्यांसमोर आणा. स्टेजची कड, तिच्यापुढे व्हिडिओवाल्याचा ट्रायपॉड, मग मोबाइल उंचावलेली मावशी, आणि लगेच सोफ्यांची पहिली रांग. पाच मीटर मोकळे मिळाले तर देव पावला. साडेसात मीटरवर तुम्ही जेवणाच्या पंगतीत असता.

चेहऱ्यांसाठी मात्र ८५ ला तोड नाही. दोन मीटरवरून खांद्यापर्यंतचा चेहरा नीट भरतो, नाक मोठं दिसत नाही, नथ आणि नाकाचं प्रमाण खरं राहतं, आणि तुम्ही विधीच्या मधे तडमडत नाही. माझं मत विचाराल तर २४-७० झूम किंवा ३५ आधीच असेल तर ८५ घ्या. हातात एकच प्राइम (झूम न होणारी लेन्स) राहणार असेल आणि तुमची लग्नं घरगुती असतील, तर ५०. कोकणातल्या एका घरात माजघरात लग्न लागलं तेव्हा माझं ८५ दिवसभर बॅगेत पडून होतं. पाठ भिंतीला टेकली तरी नवऱ्याचं अर्धं डोकं कापलं जायचं. क्रॉप बॉडीचं, म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्याचं गणित वेगळं आहे, ते प्रश्न ४ मध्ये.

४. माझी क्रॉप बॉडी आहे. तिच्यावर काय बसवू?

सोनी-निकॉनच्या क्रॉपवर दीडने गुणा, कॅननच्या क्रॉपवर १.६ ने. म्हणजे ५० चं दृश्य ७५ किंवा ८० एमएमसारखं होतं आणि पोर्ट्रेटला ते छान बसतं. ८५ चं १२८ किंवा १३६ होतं, मग प्रश्न ३ मधली पंगत. मिररलेस (आत आरसा नसलेल्या) क्रॉपला सिग्माची ५६ एमएम एफ/१.४ मला फार आवडते. वजन पावशेराच्या थोडं वर, आणि काम मोठ्या लेन्सचं.

एक गैरसमज काढून टाका. क्रॉपवर उजेड कमी होत नाही, एक्सपोजरला एफ/१.४ म्हणजे एफ/१.४ च. ब्लर मात्र फुल फ्रेमवरच्या साधारण एफ/२ इतका दिसतो.

५. एफ/१.८ घेऊ की कर्ज काढून एफ/१.४? आणि १.२ कुणासाठी?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच. १.८ वरून १.४ वर गेलात की दोन-तृतीयांश स्टॉप मिळतो (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). जिथे आयएसओ ३२०० लागत होता तिथे २००० लागेल. १.२ वर आणखी अर्धा स्टॉप, म्हणजे १५०० च्या घरात. आजच्या फुल फ्रेम बॉडीत ३२०० आणि २००० मधला फरक पार्टीला, म्हणजे लग्नघरच्या गिऱ्हाइकाला, अल्बममध्ये दाखवून बघा, ती नवरीच्या साडीबद्दल बोलेल.

आता वजन. सोनीची ८५ एफ/१.८ आहे ३७१ ग्रॅम, एफ/१.४ जीएमची दुसरी आवृत्ती ६४२. निकॉन झेडची ८५ एफ/१.८ आहे ४७० ग्रॅम आणि एफ/१.२ थेट ११६०. सकाळी सहाला हळदीपासून सुरू करून रात्री अकराला पाठवणी होईपर्यंत हे मनगटावर लटकणार आहे. दुपारनंतर हात थरथरला तर मिळवलेला स्टॉप तिथेच गेला.

माझ्याकडे १.४ आहे. हौसेने घेतली, पश्चात्ताप नाही. पण हार्ड डिस्क उघडून बघितलं तर माझे अल्बमात लागलेले फोटो बरेचसे एफ/२ ते एफ/२.८ मधले आहेत. कारण प्रश्न ६ मध्ये येईल. त्यामुळे पहिली ८५ एफ/१.८ च घ्या, आणि उरलेल्या पैशांत दुसरी बॉडी बघा. लग्नाच्या मध्यावर कॅमेरा बंद पडला तर एफ/१.२ ची लेन्स गळ्यात घालून उभं राहावं लागतं.

कॅननच्या आरएफवाल्यांसाठी (म्हणजे त्यांच्या मिररलेसवाल्यांसाठी): तुमची परवडणारी ८५ एफ/२ ची आहे, एफ/१.८ ची नाही. ती मॅक्रोसारखी जवळ जाते, ३५ सेंटिमीटरपर्यंत, म्हणून अंगठी-मेंदीलाही चालते. फोकस मात्र निवांत आहे. डीएसएलआरसाठीची (आरशाच्या कॅमेऱ्याची) जुनी ईएफ ८५ एफ/१.८ अ‍ॅडॉप्टरवर लावणारेही बरेच आहेत, तिच्याबद्दल प्रश्न १३ वाचा.

६. लेन्स पूर्ण उघडून फोटो काढला, डोळाच आऊट आला. पीस खराब आहे का?

बहुतेक वेळा नाही. मुंडावळ्या तपासा.

गंमत नाही करत. माझ्या नव्या १.४ चं पहिलं लग्न. नवरी खाली मान घालून बसलेली, मी दीड मीटरवर गुडघे टेकून. कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो झकास दिसला. घरी येऊन मोठा केला तर मुंडावळीचा मोती न् मोती शार्प, मोत्याच्या भोकातला दोरासुद्धा मोजता येईल असा, आणि मागचा डोळा लोण्यासारखा मऊ. सोळा फोटो, सोळाही तसेच.

हिशेब साधा आहे. ८५ एमएम, एफ/१.४, दीड मीटर: शार्प पट्टा जेमतेम अडीच सेंटिमीटरचा, त्यातला निम्मा पुढे आणि निम्मा मागे. मान खाली घातली की मुंडावळी डोळ्यापासून सहज त्याहून पुढे लोंबते. दोन मीटरवर सरकलात आणि एफ/१.८ केलंत तर पट्टा सहा सेंटिमीटरचा होतो, एफ/२.८ ला नऊ. म्हणून मी अर्धं पाऊल मागे जातो आणि एफ/२.२ वर राहतो. आय फोकस (स्वतः डोळा शोधून धरणारा) असेल तर लावाच, पण त्याच्या भरवशावर झोपू नका. समोर मोत्यांची सर हलत असेल तर तोही फसतो. चार फोटो काढून एक मोठा करून बघायची सवय ठेवा, विधी सुरू असतानाच.

हे सगळं करूनही फोकस दर वेळी डोळ्याच्या मागेच पडत असेल आणि कॅमेरा डीएसएलआर असेल, तर मेन्यूत एएफ फाइन ट्यून (फोकसची बारीक दुरुस्ती) आहे का बघा. मिररलेसला ती भानगड सहसा लागत नाही.

७. मग नवरा-नवरी दोघंही शार्प कसे आणायचे?

दोघांचे चेहरे तुमच्यापासून सारख्या अंतरावर येतील अशी जागा धरा, बस्स. अंतरपाटाच्या दोन बाजूंना ते समोरासमोर उभे असतात. तुम्ही कापडाच्या रेषेत बाजूला उभे राहिलात तर एफ/२ ला सुद्धा दोघे मिळतात. कन्यादानाला मात्र आई-वडील आणि जोडपं वेगवेगळ्या अंतरावर बसतात. चार मीटरवरून ८५ ला एफ/२.८ केलं तर सदतीस सेंटिमीटरचा पट्टा मिळतो. मागे उभी करवली आणि तिच्या हातातला दिवा त्यात येणार नाहीत. तिचा वेगळा फोटो काढा, ती खूश होते.

८. अंतरपाट दूर होतो तो क्षण कुठल्या सेटिंगला?

एफ/२.२, शटर १/३२० ते १/५००, आयएसओ ऑटो आणि वरची मर्यादा तुमच्या बॉडीला झेपेल तेवढी, माझी १२,८००. नॉइज (दाणेदारपणा) आलेला फोटो घरात फ्रेम होऊन लागतो, हललेला डिलीट होतो.

पण सेटिंगपेक्षा अक्षता जास्त त्रास देतात. शेवटच्या "सावधान"ला चारी बाजूंनी तांदूळ उडतात आणि फोकस चेहरा सोडून हवेतल्या दाण्यांना धरतो. मेन्यूत ट्रॅकिंगची संवेदनशीलता असते, ती कमी करा, म्हणजे मधे काही आडवं आलं तरी कॅमेरा चटकन उडी मारत नाही. मी शेवटच्या मंगलाष्टकाच्या तिसऱ्या ओळीलाच चेहऱ्यावर फोकस धरून ठेवतो. भटजींच्या मनगटाकडे लक्ष ठेवा. कापड ओढायच्या आधी ते पकड बदलतात.

आणि ८५ ला त्या क्षणी दोघांपैकी एकाचीच प्रतिक्रिया नीट मिळणार हे मान्य करा. दुसऱ्या बॉडीवर ३५ आणि तिच्यामागे भाऊ, मित्र, कुणीतरी हवा.

९. फोटोवर आडवे काळपट-पिवळे पट्टे येतात. लेन्स बदलू का?

लेन्सचा काही संबंध नाही. आपल्याकडे वीज ५० सायकलची, त्यामुळे ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात. शटर १/१०० किंवा १/५० ठेवलं तर पट्टे सहसा जातात. तेवढं हळू शटर चालणार नसेल, जसं प्रश्न ८ मध्ये, तर अँटी-फ्लिकर चालू करा आणि सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर बंद ठेवा. स्टेजमागच्या एलईडी वॉलची लय वेगळीच असते, तिथे हे गणितही चुकतं. मुहूर्ताच्या आधी दिवे लावायला सांगून दहा फोटो काढून बघणं, एवढाच उपाय.

१०. जांभळ्या-निळ्या लाइटमध्ये चेहरे विचित्र येतात. चांगल्या लेन्सने रंग सुधारतील?

नाही. डेकोरेशनवाल्याला चहा पाजा आणि चेहऱ्यावरचे दोन पार (रंग बदलणारे स्टेजचे दिवे) पांढरे करून घ्या. रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) मध्ये काढा.

११. अंधारात लेन्स नुसती पुढे-मागे फिरत राहते. का?

फोकसलाही उजेड लागतो, आणि तो लेन्समधूनच येतो. कंपन्या "वजा ६ ईव्हीपर्यंत फोकस" असं लिहितात (ईव्ही म्हणजे उजेडाचं माप, वजा आकडा म्हणजे अंधार) तेव्हा खालची बारीक ओळ वाचा. कॅनन ईओएस आर चा तो आकडा एफ/१.२ च्या लेन्सवरचा आहे, तुमच्या एफ/४ झूमवर तो मिळणार नाही. म्हणून फास्ट लेन्सचा निम्मा फायदा फोकसला होतो. हे कुणी सांगत नाही.

तरीही अडलं तर सपाट गालावर फोकस मारू नका. पदराचे काठ, नथ, कपाळावरची चंद्रकोर, जिथे उजळ-गडद कड असेल तिथे मारा. डीएसएलआर असेल तर मधलाच फोकस पॉइंट वापरा.

१२. ७०-२०० एफ/२.८ आहे. ८५ ची गरज आहे का?

दिवसा मुहूर्त असेल तर नाही. संध्याकाळचा गोरज मुहूर्त असेल तर हो. २.८ च्या तुलनेत १.८ सव्वा स्टॉप जास्त देतं, आयएसओ ६४०० च्या जागी २५०० च्या आसपास. शिवाय ७०-२०० ची पांढरी तोफ समोर आली की आजी मान वळवतात. लहान काळ्या लेन्सकडे त्या बघतही नाहीत, आणि त्यांचा खरा चेहरा तेव्हाच मिळतो.

टॅमरॉनची ३५-१५० एफ/२-२.८ घेऊन एकट्याने लग्न निभावणारे दोघे-तिघे माझ्या ओळखीत आहेत. किलोच्या वर वजन आहे आणि एफ/२ फक्त रुंद टोकाला मिळतं, एवढं लक्षात ठेवून घ्या.

१३. सेकंड हँड घेताना काय बघू?

मुंबईत फोर्टमधलं बोरा बाजार असो की ओळखीतल्याची लेन्स, खिशात टॉर्च हवाच. मागून टॉर्च मारून पुढून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी, लेन्स खाली ठेवा आणि चहा पिऊन निघा. दोन-चार धुळीचे कण चालतात. अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेल चमकतंय का बघा. माउंटचे (लेन्स कॅमेऱ्याला अडकते त्या कड्याचे) स्क्रू ओरबाडलेले असतील तर कुणीतरी उघडलेली आहे. मग तुमच्याच बॉडीवर लावून, पूर्ण उघडून, जवळ आणि लांब असे वीस-पंचवीस फोटो काढा आणि लॅपटॉपवर मोठे करून बघा.

जुन्या ईएफ ८५ एफ/१.८ ला पूर्ण उघडल्यावर जरीच्या काठाला आणि दागिन्यांच्या चमकीला जांभळी कड येते. तो बिघाड नव्हे, ती लेन्स तशीच आहे. एफ/२.८ ला बरीच कमी होते, उरलेली सॉफ्टवेअरमध्ये काढता येते. बनारसी शालू असेल तर वेळ जातो.

१४. निकॉनची ८५ एफ/१.८ डी स्वस्तात मिळतेय. घेऊ?

आधी बॉडी सांगा. "डी" लेन्समध्ये फोकसची मोटर नसते, ती बॉडीत असावी लागते. डी३५०० किंवा डी५६०० मध्ये ती नाही, आणि झेड बॉडीला एफटीझेड अ‍ॅडॉप्टर लावूनही ऑटोफोकस मिळत नाही. हाताने फोकस करून लग्न काढायची हिंमत असेल तर घ्या. त्याऐवजी "जी" घ्या, तिच्यात मोटर आहे. कॅननचं तसं नाही, ईएफ लेन्स आरएफ बॉडीवर अ‍ॅडॉप्टरने ऑटोफोकससकट चालते.

१५. स्टॅबिलायझेशन असलेली घेतली तर एफ/४ वर भागेल का?

त्याने तुमच्या हाताची थरथर थांबते, नवरदेव थांबत नाही. समईचा किंवा रुखवताचा फोटो हवा असेल तर भागेल.

१६. मागच्या माळेतले दिवे कडेला गोल न येता लिंबाच्या फोडीसारखे येतात. दोष आहे का?

पूर्ण उघड्या लेन्सवर कडेचा उजेड नळीतून तिरका येतो म्हणून तसे दिसतात. एफ/२.८ ला गोल होत जातात. मला फोडीच आवडतात.

१७. एफ/१.२ "डीएस" लेन्सचा ब्लर फार सुंदर आहे म्हणे. लग्नाला घेऊ?

अपवादातला अपवाद, पण दोघांनी विचारलंय. कॅननच्या आरएफ ८५ एफ/१.२ एल ची एक डीएस आवृत्ती आहे. तिच्या काचेवरचा थर कडेचा उजेड अडवून ब्लर मऊ करतो, आणि पूर्ण उघडल्यावर दीड स्टॉपच्या आसपास उजेड गिळतो. म्हणजे कागदावर एफ/१.२ आणि उजेडाला एफ/२ सारखी. अंधारासाठी घ्यायची असेल तर साधी घ्या. सोनीच्या १०० एमएम एसटीएफ ची हीच गोष्ट: ब्लरला एफ/२.८, उजेडाला ५.६.

१८. गोव्यात चर्चमधलं लग्न आहे, फ्लॅश नको म्हणालेत. काय नेऊ?

इथे १३५ एफ/१.८ चं सोनं होतं. तुम्हाला वेदीजवळ फिरकू देतीलच असं नाही, मधल्या वाटेत किंवा खांबाआड उभं राहायचं, आणि साडेसात मीटर इथे आरामात मिळतात. विकत घेऊ नका, दोन दिवस भाड्याने आणा. आदल्या संध्याकाळी फादरांना भेटून कुठे उभं राहिलेलं चालेल ते विचारून घ्या. सायलेंट शटर हवं वाटेल, पण आधी प्रश्न ९.

१९. पार्टी म्हणते, मोबाइलच्या पोर्ट्रेट मोडमध्येही असंच येतं.

त्यांच्याच मोबाइलवर नवरीचा फोटो काढून द्या आणि मुंडावळ्या, मोकळे केस आणि गजरा मोठा करून दाखवा. अर्धा गजरा ब्लरमध्ये गेलेला असतो. वाद घालू नका, नुसतं दाखवा.

२०. एसी हॉलमधून वरातीला बाहेर आलो की लेन्स धुरकट होते. आत पाणी गेलं का?

नाही. थंड काचेवर बाहेरच्या दमट हवेचं दव धरतं. कोकणात आणि मुंबईत मे महिन्यात हमखास. पुसू नका, पुन्हा धरतं आणि ओरखडे पडतात ते वेगळेच. वरात निघायच्या वीस मिनिटं आधी लेन्स बंद बॅगेत घालून बॅग बाहेर ठेवा आणि बॅगेपाशी विश्वासातलं पोरगं बसवा. रात्री घरी आल्यावर तशीच ओलसर कपाटात टाकू नका, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत हवाबंद डब्यात ठेवा. पुड्या ओल्या झाल्या की बदला. माझ्या पहिल्या ५० एमएमला बुरशी लागली ती पावसाळ्यात, घरच्या कपाटात, गोधडीखाली.